जॅझ-रॉक फ्यूजन आणि प्रायोगिक जॅझ त्रिकूट

सोलापुरात ‘फ्यूजन’ म्हटले की सतार आणि ड्रमसेट एकाच मंचावर, हेच चित्र डोळ्यांसमोर येते. जॅझमध्ये या शब्दाचा अर्थ निराळा आहे: तिथे तो जॅझ आणि रॉक यांचा मिलाफ. मात्र तो ठाऊक असलेले श्रोतेही इलेक्ट्रॉनिक नाद आणि रॉक यांना जवळ करणाऱ्या प्रायोगिक त्रिकुटांना सर्रास फ्यूजनमध्येच मोडतात.

पूर्व भागातील एका मित्राच्या घरी, शेजारचे यंत्रमाग थांबल्यावर, आम्ही स्वीडनच्या ‘एस्ब्योर्न स्वेन्सन ट्रिओ’चे ध्वनिमुद्रण ऐकत होतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या त्या मित्राने मध्येच विचारले, “गिटारवर कोण आहे?” गिटार नव्हतीच. डॅन बर्ग्लुंड उभ्या डबल बेसच्या तारांवर गज फिरवत होता आणि तो नाद डिस्टॉर्शनमधून फाटून, खरखरीत होऊन बाहेर पडत होता.

फ्यूजन आणि असे त्रिकूट या दोहोंतला फरक मला इथेच सापडतो. ऑगस्ट 1969 मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने न्यूयॉर्कमध्ये ‘बिचेस ब्रू’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्याने एकाहून अधिक इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र आणली. त्या ताफ्यातील गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने 1971 मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. फ्यूजनने वाद्येच बदलली. स्वेन्सनच्या त्रिकुटाने पियानो, डबल बेस आणि ड्रम ही जुनी जॅझ मांडणी तशीच ठेवली आणि वाद्यातून निघालेल्या नादावर पुढे प्रक्रिया केली. म्हणूनच त्यांचा ध्वनी-अभियंता ओके लिन्टन याला चौथा सदस्य मानले जाई. ऐन मैफलीत वीज गेली, तर महाविष्णूच्या मंचावर ड्रमखेरीज फारसे काही उरणार नाही. या त्रिकुटाचे रंग जातील, पण तिघेही वाजवत राहू शकतील.

रॉककडून घेतलेल्या गोष्टीही वेगळ्या आहेत. फ्यूजनने रॉकचा दणका आणि वेग उचलला, आणि आळीपाळीने होणारे प्रदीर्घ एकलवादन अधिकच झळाळून उठले. त्रिकुटाने रॉकची बांधणी घेतली: पियानोवर चार-पाच स्वरांची एक आकृती पुन्हा पुन्हा येते, माग्नुस ओस्त्रोमचे ड्रम तिच्याखाली हळूहळू दाट होत जातात, बेस गजावर चढतो, आणि तिघांपैकी कोणीही ‘आता माझी पाळी’ असे न म्हणता रचना शिखराला पोहोचते. या संयमाची मला अधिक ओढ वाटते, जरी महाविष्णूची तालाची गुंतागुंत आजही थक्क करते.

महाविष्णूचा पहिला ताफा 1973 च्या अखेरीस विखुरला आणि मॅक्लॉफ्लिनने पुढच्याच वर्षी नव्या वादकांसह त्याच नावाने वादन सुरू केले. 14 जून 2008 रोजी पाण्याखाली पोहताना झालेल्या अपघातात स्वेन्सनचे निधन झाले; उरलेल्या दोघांनी त्याच्या जागी दुसरा पियानोवादक घेतला नाही आणि त्रिकूट तिथेच थांबले.