पात्याचे पाणी

तोडणी आटोपून बागेत सल काढण्याचे दिवस होते. वाळलेल्या फांद्या आरीने कापायच्या, कापाची जागा चाकूने तासून गुळगुळीत करायची आणि वर मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावायचा, असे काम दिवसभर चालले. संध्याकाळी धुऱ्यावर बसून मी त्याच चाकूने दोन मोसंब्या चिरल्या आणि पाते न पुसताच चाकू मिटून पिशवीत टाकला. सकाळी उघडून पाहतो तर धारेलगत खसखशीएवढे तपकिरी ठिपके उठले होते आणि ते खरवडल्यावर नखाला बारीक खड्डे लागत होते. चाकू मिटणारा, परदेशी बनावटीचा आणि मला परवडला त्याहून थोडा महागच होता. त्याच्या डी२ पोलादात जवळपास १२ टक्के क्रोमियम असते हे मी घेण्यापूर्वीच वाचून ठेवले होते, आणि एवढे क्रोमियम असलेले पोलाद गंजणार नाही अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत कुठे चुकली याचा शोध घेताना जे हाती लागले, ते विदर्भात वरुड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडकडच्या संत्रा-मोसंबीच्या बागांत वापरण्यासाठी चांगला मिटणारा चाकू घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडावे असे मला वाटते. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी जे न गंजणारे पोलाद तयार केले, त्यात १२.८ टक्के क्रोमियम होते आणि कार्बन केवळ ०.२४ टक्के होता. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार करते. तो ओरखडला तरी पुन्हा धरतो आणि लोखंडाची व ओलाव्याची गाठ पडू देत नाही. मात्र हे काम पोलादात मोकळे विरघळलेले क्रोमियमच करू शकते. डी२ मध्ये कार्बन सुमारे १.५ टक्के असतो. कार्बनची क्रोमियमशी सोयरीक लोखंडापेक्षा घट्ट असल्यामुळे पोलाद थिजताना ही दोन मूलद्रव्ये एकत्र येतात आणि क्रोमियम कार्बाइडचे कठीण कण तयार होतात. त्या कणांत अडकलेले क्रोमियम राखणीला उरत नाही, बाकीचे अपुरे पडते, आणि मोसंबीच्या रसातले सायट्रिक आम्ल रात्रभरात लोखंडापर्यंत पोचते. पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून आपण हत्यारे सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो. ते पाणी तर भल्याभल्या स्टेनलेस पात्यांनाही खड्डे पाडते, म्हणून त्यानंतर पाते साध्या पाण्याने धुऊन कोरडे करणे अत्यावश्यक आहे.

या अदृश्य थराचा अनुभव आपल्या भागातल्या शेतकऱ्याला एका वेगळ्या वाटेने आलेलाच असतो. बोर्डो मलमासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचे सल्फेट), १ किलो चुना आणि १० लिटर पाणी घेतात, आणि चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी घासून चकचकीत केलेला विळा किंवा लोखंडी खिळा त्यात मिनिटभर धरतात. पात्यावर तांबूस झाक आली तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून चुना वाढवतात. लोखंड द्रावणात उतरते आणि त्याच्या जागी तांबे येऊन बसते, एवढीच ही रासायनिक क्रिया आहे. स्टेनलेस पात्यावर क्रोमियमचा थर मध्ये उभा राहत असल्याने तिथे या क्रियेवर भरवसा ठेवता येत नाही. या चाचणीसाठी लोहाराने घडवलेला साधा विळाच योग्य.

महागड्या चाकूंच्या बाबतीत पोलादाच्या नावापाठोपाठ धार किती टिकते याचे आकडे सांगितले जातात, आणि निवड बहुधा तिथेच होऊन जाते. हे आकडे कसे काढतात ते पाहिले पाहिजे. शेफील्डमध्येच विकसित झालेल्या कॅट्रा चाचणीत यंत्रावर बसवलेले पाते ५ टक्के वाळू मिसळलेल्या कार्डाच्या गठ्ठ्यातून ठरावीक दाबाने पुढेमागे फिरवतात आणि एकूण किती कार्ड कापले गेले ते मोजतात. म्हणजे ही चाचणी धारेची झीज मोजते, आणि तेवढेच मोजते. आपल्या कामात धार झिजते तशी ती आडव्या दाबाने वाकते, कुंपणाच्या तारेवर बसली तर तिचा कपचा उडतो, आणि रसाने गंजून खडबडीत होते. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या पात्याला जास्त घडते, हे ठरवल्याशिवाय पोलाद निवडणे मला आता चुकीचे वाटते.

झीज रोखण्याचे काम मुख्यत्वे कार्बाइडचे कण करतात. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केलेल्या, पोलादाचा मूळ पोत कठीणपणाच्या विकर्स मापावर साधारण ७०० ते ७५० इतका कठीण असतो, क्रोमियमचे कार्बाइड त्याच्या जवळपास दुप्पट, आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड २८०० च्या आसपास. सुतळी, धुळीने माखलेले बारदान किंवा काळ्या मातीत लोळलेला दोर कापताना मातीतले वाळूचे कण मूळ पोत खरवडतात, पण कार्बाइडच्या या खड्यांचे त्यांना काही करता येत नाही. दुसरीकडे हेच खडे धारेतले कमजोर बिंदूही असतात. साच्यात ओतलेले डी२ सावकाश थिजते, त्यामुळे त्यातले काही कार्बाइड २० ते ५० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतात. चांगली लावलेली धार टोकाशी एखाद्या मायक्रॉनची असते, हे लक्षात घेतले तर असा एक खडा निखळल्यावर काय होत असेल याची कल्पना येते.

यावर उपाय म्हणून १९७० च्या सुमारास चूर्ण पोलादाची पद्धत उद्योगात आली. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर जोरदार वायू सोडून तिचे बारीक थेंब करतात, प्रत्येक थेंब क्षणात थिजल्याने कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही, आणि नंतर ते चूर्ण डब्यात भरून प्रचंड दाबाखाली व उष्णतेत एकजीव करतात. महागड्या मिटणाऱ्या चाकूंत आढळणारी एस३०व्ही आणि एम३९० ही पोलादे याच पद्धतीची आहेत. एम३९० मध्ये सुमारे १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. झीज रोखण्यात ते फार वरचे आहे, पण त्यातल्या क्रोमियमचाही मोठा वाटा कार्बाइडमध्येच जातो. २०२१ साली बाजारात आलेल्या मॅग्नाकट या पोलादात लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने नेमकी ही गाठ सोडवली आहे. कार्बन १.१५ टक्क्यांवर आणि क्रोमियम १०.७ टक्क्यांवर आणून, सोबत व्हॅनेडियम, नायोबियम आणि थोडा नायट्रोजन घालून त्याने असे प्रमाण साधले की पाणी दिल्यानंतर क्रोमियमचे कार्बाइड जवळजवळ उरतच नाहीत. कागदावर क्रोमियम डी२ पेक्षा कमी दिसते, आणि तरीही मोकळे क्रोमियम अधिक असल्यामुळे ते पोलाद गंजाला कितीतरी चांगले तोंड देते. केवळ टक्केवारी वाचून निवड करू नये याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पोलाद कितीही उत्तम असले तरी त्याला पाणी नीट दिलेले नसेल तर ते वाया जाते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात इसवी सन पूर्व ७०० च्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे, म्हणजे या भूमीला लोखंडाची ओळख फार जुनी आहे, आणि आजही गावचा लोहार विळा लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो व मग हलक्या आचेवर त्याचा ठिसूळपणा उतरवतो. साध्या कार्बन पोलादाला त्यासाठी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान पुरते आणि अनुभवी नजर ते रंगावरून ओळखते. स्टेनलेस चूर्ण पोलादाला मात्र १०५० ते ११५० अंश लागतात, थोडा फरकही चालत नाही, आणि हे काम नियंत्रित भट्टीतच होते. म्हणून एकाच नावाच्या पोलादाचे दोन कंपन्यांचे चाकू सारखे नसतात. बाजारातल्या कोरड्या सहाणेवर ठिणग्या उडवत धार लावून घेतली तर धारेच्या टोकाशी उष्णता इतकी चढते की दिलेले पाणी तेवढ्या भागात उतरून जाते. महागडे पाते तिथे कधीही देऊ नये.

घरी धार लावायची तर दगडाचाही विचार करावा लागतो. नेहमीचा दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि त्याचा कठीणपणा विकर्स मापावर २००० च्या आसपास भरतो, म्हणजे व्हॅनेडियम कार्बाइडपेक्षा कमी. अशा दगडावर ज्यात व्हॅनेडियम भरपूर आहे असे पाते तासभर घासूनही समाधान होत नाही. त्याला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टीच हवी. याउलट फ्रान्सच्या ओपिनेलचे साधे कार्बन पोलाद किंवा स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे रॉकवेल या कठीणपणाच्या दुसऱ्या मापावर ५६ च्या आसपासचे नरम स्टेनलेस पाते लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा धरते. रोज संध्याकाळी चहा होईपर्यंत धार लावून ठेवण्याची सवय ज्याला आहे, त्याच्यासाठी हा दोष फार मोठा नाही.

डोळा भरण्याच्या, म्हणजे कलम करण्याच्या, कामाला पोलादापेक्षा पात्याचा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो. शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्यांत जंबेरी लिंबाच्या खुंटावर उलट्या-सुलट्या टी आकाराचा छेद घेऊन संत्र्याचा डोळा बसवतात. डोळ्याची ढालीसारखी साल काढताना पाते एका बाजूने सपाट आणि दुसऱ्याच बाजूने उतरते असेल तर काप सरळ निघतो. दोन्हीकडून उतरलेले पाते आत-बाहेर भरकटते आणि काप खोलगट होतो. झाडाच्या पेशी साधारण १० ते १०० मायक्रॉनच्या असतात. धार बारीक असेल तर पेशींची एक रांगच कापली जाते, बोथट असेल तर अनेक रांगा चेंगरतात, त्या काळ्या पडतात, आणि डोळा व खुंट यांच्यातल्या वाढीच्या थरांची भेट होत नाही. जाड पात्याचा, दणकट दिसणारा चाकू या कामाला कितीही किंमत मोजून घेतला तरी उपयोगाचा नाही.

मिटणाऱ्या चाकूत आणखी एक जागा जपावी लागते, ती म्हणजे सांधा. पाते बोटांवर मिटू नये म्हणून ओपिनेलने १९५५ मध्ये फिरणारे कडे आणले. पुढे १९८० च्या दशकात मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतली पट्टी पात्यामागे सरकवणारी कळ रूढ केली, आणि ख्रिस रीव्ह यांनी सेबेन्झा या चाकूत टायटॅनियमची मूठच कापून तिची कळ बनवली. या तिन्ही कळा भरवशाच्या आहेत, पण त्यांतली ओपिनेलची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडायला जड जाते. माझी खरी तक्रार छोट्या गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरणाऱ्या चाकूंबद्दल आहे. दुकानात ते बोटाच्या टिचकीने उघडतात, मात्र काळ्या मातीची मैद्यासारखी धूळ एकदा आत शिरली की करकरू लागतात. सेबेन्झासारख्या चाकूंत असलेल्या फॉस्फर ब्राँझच्या सपाट चकत्या तेवढ्या सैल चालत नसल्या तरी धूळ सोसतात, आणि स्क्रू काढून धुताही येतात. शेतासाठी मी चकत्यांचाच चाकू निवडीन.

आज बागेच्या कामाला माझ्या खिशात मॅग्नाकटचा, पातळ पात्याचा, चकत्यांवर फिरणारा चाकू असतो, आणि डोळा भरायला एका बाजूने सपाट असलेला साधा, स्वस्त चाकू. डी२ चा तो पहिला चाकू घरी कापसाच्या खोलीत खुंटीला टांगला आहे. तिथे सगळे काम कोरडे असते, धुळीच्या सुतळ्या आणि बारदाने कापायची असतात, आणि त्या कामात त्याची धार माझ्या दुसऱ्या कोणत्याही पात्यापेक्षा कमी टिकत नाही. मोसंबीने पाडलेले खड्डे त्याच्यावर अजून आहेत, पण तिथे गेल्यापासून त्यावर नवा ठिपका उठलेला नाही.