वाफसा येऊ द्या

संक्रांत झाली, उन्हं चढू लागली की परसातल्या रिकाम्या वाफ्यांकडे लक्ष जातं. उन्हाळी भेंडी, गवार, दोडका लावायचा तर माघातच माती तयार हवी. आमचं घर कराडजवळ, कृष्णाकाठच्या काळ्या मातीत. पहिल्या वर्षी मी रात्री वाफ्यात पाणी सोडलं आणि सकाळी कुदळ घेऊन उतरले. चार दिवसांत तिथं विटांसारखी ढेकळं झाली. टोकलेली निम्मी भेंडीही उगवली नाही. शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "अगं, वाफसा तर येऊ द्यायचास."

शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मातीचं भौतिकशास्त्र सामावलेलं आहे. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा कणांची आणि निम्मी पोकळ्यांची असते. पाणी दिलं की सगळ्या पोकळ्या भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निथळतं आणि तिथं हवा शिरते. केसाएवढ्या बारीक पोकळ्या मात्र आपलं पाणी धरून ठेवतात. मुळांना ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी मिळतात, ती वेळ म्हणजे वाफसा.

काळ्या मातीत ही वेळ पाळणं जास्त गरजेचं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट खडक झिजून ही माती झाली. तिच्यात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे, आणि पाणी थेट त्या थरांच्या मधे शिरतं. म्हणून काळं रान पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात त्याला हात जाईल अशा भेगा पडतात. माती ओली असताना खणली किंवा तुडवली की हे पातळ थर एकमेकांवर घसरून दाबले जातात आणि मोठ्या पोकळ्या मिटतात. कुंभार चिखल तुडवून मुद्दाम हेच करतो. वाफ्यात तेच झालं की कोंबाला वर यायला वाट उरत नाही.

वाफसा ओळखायला वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटा झाला तर थांबा, फुटून विखुरला तर कुदळ घ्या. आमच्याकडे फेब्रुवारीत याला चार-पाच दिवस लागतात. महाबळेश्वर-जावळीकडची लाल माती फारशी फुगत नाही, पाणीही लवकर सोडते. तिथं इतकी वाट पाहावी लागत नाही.

खणताना पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ताज्या शेणातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी येतं. या दिवसांत ऊसतोडणी चालू असल्यामुळे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, सहज मिळतं, पण ते मातीत गाडू नका. पाचटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे शंभरच्या आसपास भाग असतात, तर कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस पुरतात. नत्राची तूट ते मातीतून भरून काढतात आणि तुमची रोपं पिवळी पडतात. तेच पाचट रोपं वर आल्यावर त्यांच्या भोवती अंथरलं की चैत्र-वैशाखात बाष्पीभवन बरंच कमी होतं.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. वाफ्यातल्या कोरड्या मातीवर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. आम्ल आणि चुन्याच्या संयोगातून निघालेला तो कार्बन डायऑक्साइड. अशा अल्कधर्मी मातीत लोह असूनही पाण्यात विरघळत नाही, मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळ्या पानांवर केवडा दिसतो: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. इथं चुलीतली राख टाकायची सवय सोडायलाच हवी, कारण राखही अल्कधर्मी. कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं मात्र लोहाला धरून विरघळलेलं ठेवतात.

पेरणीची घाई नको. माती 20 अंशांच्या खाली असेल तर भेंडीचं बी फुगतं, पण कोंब रेंगाळतो आणि कधी बी कुजूनच जातं. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या मध्याला, रात्रभर भिजवलेलं बी दोन सेंटिमीटर खोल टोका. मी आता वाफा हातभरच रुंद ठेवते, म्हणजे खुरपताना आत पाय ठेवावा लागत नाही आणि मोकळी केलेली माती पुन्हा दाबली जात नाही.