जॉन्सन, हेन्री

(सु. १८९२ – जुलै १९२९). पहिल्या महायुद्धात लढलेला कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मेडल ऑफ ऑनर, त्याला मिळाला तो लढाईनंतर ९७ वर्षांनी, मृत्यूनंतर ८६ वर्षांनी.

जन्म नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलमचा. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीच्या रेल्वे स्थानकावर तो हमाली करी. उंची जेमतेम ५ फूट ४ इंच. जून १९१७ मध्ये तो कृष्णवर्णीयांच्या रेजिमेंटमध्ये भरती झाला. पुढे हीच ३६९ वी इन्फन्ट्री, ‘हार्लेम हेलफायटर्स’. फ्रान्समध्ये उतरल्यावर या पलटणीला आधी बंदरावर ओझी वाहायला लावले. गोऱ्या अमेरिकनांच्या बरोबरीने तिला लढवायचे नव्हते, म्हणून सरसेनापती पर्शिंगने ती फ्रेंचांच्या हाती दिली. फ्रेंचांना माणसे हवीच होती. त्यांनी आपल्या बंदुका आणि हेल्मेटे देऊन तिला खंदकांत उभे केले.

१५ मे १९१८ च्या पहाटेपूर्वी आर्गॉन जंगलाच्या कडेला जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स चौकीवर होते. काटेरी तार कापल्याचा कटकट आवाज आला आणि पाठोपाठ हातबॉम्ब पडू लागले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला, तरी पडल्या जागेवरून जॉन्सनला बॉम्ब पुरवत राहिला. हल्लेखोर जर्मन किमान बारा. जॉन्सनची बंदूक अडकली; फ्रेंच बंदुकीत अमेरिकन काडतुसे भरल्यामुळे, असे सांगतात. मग त्याने बंदुकीचा दस्ता फुटेपर्यंत सोट्यासारखा चालवला. शत्रू रॉबर्ट्सला उचलून नेत आहेत हे दिसताच कमरेचा बोलो उपसला. बोलो म्हणजे फिलिपिन्सचा कोयता, जड पात्याचा. जर्मन पळाले, रॉबर्ट्स वाचला. जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा होत्या.

फ्रान्सने दोघांनाही क्र्वा द गेर हे पदक दिले. फेब्रुवारी १९१९ मधल्या न्यूयॉर्कच्या विजययात्रेत जॉन्सन उघड्या मोटारीतून मिरवला. सैन्याने भरतीसाठी त्याचे चित्र वापरले. स्वदेशाचे पदक मात्र एकही नाही. सेवामुक्तीच्या कागदावर जखमांची नोंदसुद्धा नव्हती. मार्च १९१९ मध्ये सेंट लुइसच्या भाषणात गोऱ्या सैनिकांनी आपल्या लोकांना कसे वागवले हे त्याने उघड सांगितले, आणि भाषणांची निमंत्रणे थांबली. मोडक्या शरीराने हमाली झेपेना. तिशीतच तो गेला. बेवारस पुरला असेल अशीच लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याचे दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने झाले होते, हे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले.

१९९६ मध्ये पर्पल हार्ट हे युद्धात जखमी झालेल्यांचे पदक मिळाले, पुढे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हा दुसऱ्या क्रमांकाचा शौर्यसन्मानही. सर्वोच्च पदक समकालीन पुराव्याअभावी अडले होते. ऑल्बनीतील माजी सैनिकांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी न्यूयॉर्कचे सिनेटर शूमर यांच्या कार्यालयाला जॉन्सनच्या पराक्रमाविषयीचे पर्शिंगचेच, लढाईनंतर काही दिवसांतले पत्रक सापडले. म्हणजे पुरावा लष्कराच्याच दप्तरात होता! पदक ठरावीक मुदतीतच देण्याची अट अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) कायदा करून शिथिल केली आणि २ जून २०१५ रोजी अध्यक्ष ओबामांनी पदक दिले. ते घ्यायला रक्ताचे कोणी नव्हते. आधीचा क्रॉस ज्याने मुलगा म्हणून स्वीकारला, त्याचे नाते वंशावळीच्या तपासात टिकले नाही. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरने ते स्वीकारले.

लुइझियानातील फोर्ट पोक या तळाला जून २०२३ मध्ये फोर्ट जॉन्सन हे नाव मिळाले. २०२५ मध्ये ते पुन्हा फोर्ट पोक झाले. या वेळी पोक आडनावाच्या दुसऱ्या सेनानीच्या नावाने.