पटकीच्या जंतूचा भाला

पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. रोगाचं ठिकाण गावाबाहेर कुठेतरी आहे, असं त्या रीतीत धरलेलं होतं. शास्त्रज्ञांनी मात्र हा जंतू पाहिला तो माणसाच्या आतड्यात. फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ साली फ्लॉरेन्समध्ये, दगावलेल्या रोग्यांच्या आतड्यात. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला, तेव्हा तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो त्यांना मिळाला होता. पण लक्ष राहिलं रोग्याकडेच. त्याच शहरात १९५९ साली शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, की जंतू गाळून टाकलेल्या नुसत्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे घात करतं ते जंतूने सोडलेलं विष. इतक्या मोठ्या कामाची कदर वेळेवर झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

या जंतूचं मूळ बिऱ्हाड खाडीत आहे. १९७०च्या दशकात रीटा कोलवेल यांच्या गटाला तो अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत सापडला. मचूळ पाण्यात तरंगणाऱ्या कोपेपॉड नावाच्या इवल्याशा प्राण्यांच्या कवचाला तो चिकटून राहतो. कोळंबीच्या सालीत असतं तेच कायटिन या कवचात असतं आणि जंतू त्यावर जगतो. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांमध्ये या माहितीचा फार साधा उपयोग केला गेला: जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या घालून त्यातून पाणी गाळायचं. सुटा जंतू साडीतून सहज निसटतो, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याच्या अंगावरचे जंतूही. २००३ साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

त्या कवचावर अन्नही आहे आणि आसराही, त्यामुळे इतर जीवाणूंचीही तिथेच गर्दी. शेजाऱ्याला मारायला पाण्यात विष सोडावं, तर ते विरून जायचं. अशा विषाची ओळख जुनीच आहे. आंद्रे ग्रासिया यांनी १९२५ साली ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा एक वाण दुसऱ्या वाणाला दुरून मारतो हे नोंदवलं होतं. वाहत्या पाण्यात मात्र अंगाला अंग लागलेल्या शत्रूवर थेट वार करणारं हत्यार हवं.

ते हाती लागलं भलताच शोध घेताना. हार्वर्डमध्ये जॉन मेकॅलॅनॉस यांच्या प्रयोगशाळेत स्टेफान पुकात्स्की जीवाणू खाणाऱ्या एका अमीबावर काम करत होते. सुदानमधल्या १९६८च्या साथीतला कॉलऱ्याच्या जंतूचा व्ही ५२ हा वाण अमीबाला दाद देईना, उलट अमीबाच मरे. कोणत्या जनुकांमुळे, याचा माग काढताना प्रथिनं बाहेर फेकणारी एक नवी यंत्रणा सापडली. अशा पाच यंत्रणा आधी माहीत होत्या, म्हणून २००६ साली हिचं नाव पडलं ‘सहाव्या प्रकारची स्रवण यंत्रणा’. पुढे २०१० साली पुकात्स्की यांच्याच गटाने दाखवलं, की या यंत्रणेने व्ही ५२ ई. कोलायलाही मारतो. इतकी वर्षं ती नजरेतून सुटली, कारण सध्याची जागतिक साथ पसरवणारे एल टोर वाण प्रयोगशाळेतल्या खुराकावर ती सहसा चालूच करत नाहीत.

यंत्रणेची घडण विलक्षण आहे. जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या शेपटीशी ती जुळते. फरक एवढाच, की विषाणू बाहेरून आत टोचतो आणि हा जंतू आतून बाहेर. २०१२ साली मारेक बास्लर आणि सहकाऱ्यांनी तिच्या म्यानाला, म्हणजे आतल्या भाल्यासारख्या नळीभोवतीच्या आवरणाला, चमकणारं प्रथिन जोडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक उजळ रेघ अर्ध्या मिनिटात लांबत जाते, क्षणभर थांबते आणि पाच मिलिसेकंदांच्या आत आखडून निम्मी होते. त्या झटक्यात आतला भाला शेजाऱ्याच्या अंगात. मग म्यानाचे तुकडे सुटे होतात आणि त्यांतूनच नवं म्यान उभं राहतं. भाल्याच्या टोकावरची विषं वेगवेगळी: एक पेशीभित्तिका कुरतडतं, एक पटलातली मेदद्रव्यं तोडतं, एक पटलाला भोकं पाडतं. स्वतःचे भाऊबंद मरत नाहीत, कारण प्रत्येक विषाचा उतारा त्यांच्याजवळ असतो. उतारा वेगळा असलेला कॉलऱ्याचाच दुसरा वाण मात्र मारला जातो.

लोझानमध्ये मेलनी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ साली दाखवलेली गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. कायटिनवर वाढताना हा जंतू बाहेरचा डीएनए आत ओढून घेतो, हे २००५ पासून ठाऊक होतं. आता कळलं की भाला चालवणारी जनुकंही त्याच वेळी जागी होतात. शेजाऱ्याची लांबट पेशी वार बसल्यावर गोल होते, फुटते, आणि सांडलेला डीएनए मारणाऱ्याच्या पोटात जातो. मेलेल्याची जनुकं जिवंताच्या कामी येतात. १९९२ साली मद्रासकडून उसळलेल्या साथीतला ओ १३९ हा प्रकार जुन्या ओ १ प्रकारातूनच, बाहेरची जनुकं मिळून घडला होता. कायटिनवर वाढवलेला ओ १ डीएनए घेऊन ओ १३९ होऊ शकतो, हे २००७ साली प्रयोगशाळेत दिसलंच होतं.

आणि आतडं? २०१८ साली मेकॅलॅनॉस यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग केले. त्यांच्या आतड्यातल्या मूळ रहिवासी ई. कोलायवर जंतूने हाच भाला चालवला, आणि ज्या पिल्लांमध्ये तो चालला त्यांचं दुखणं जास्त वाढलं.