सोन्याचा प्लग आणि नागपूरचा उन्हाळा

"गोल्ड प्लेटेड घ्या भाऊ, आवाज एकदम खुलते!" सीताबर्डीत स्पीकरची तार घेताना हा आग्रह होतोच. तारेच्या टोकाला लावायच्या प्लगची किंमत कधी कधी तारेच्याही वर जाते. गंमत अशी, की वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं आणि सोनं तिसरं. सोन्याची रोधकता (वीज अडवण्याचा गुण) तांब्यापेक्षा चाळीसेक टक्क्यांनी जास्त असते. मग सोन्याचा मुलामा कशाला? सोनं हवेत गंजत नाही, एवढ्यासाठीच. आवाजाशी त्याचा थेट संबंध नाही.

तार आणि स्पीकर जिथे एकमेकांना टेकतात, त्या जोडाचं खरं गणित पृष्ठभागावर घडतं. धातू कितीही गुळगुळीत घासला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो सातपुड्यासारखा उंचसखल दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त काही शिखरं टेकतात. सगळी वीज त्या ठिपक्यांतूनच जाते. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या ठिपक्यांचा कसून अभ्यास केला. दाब वाढला की शिखरं चेपतात आणि टेकलेलं क्षेत्रफळ वाढतं. ते किती वाढेल, हे दाब भागिले धातूचा कठीणपणा यावरून ठरतं. प्लग केवढा जाडजूड आहे, याला इथे जवळजवळ किंमत नाही.

आकडे घालून बघू. तांब्यावर एक किलो वजनाइतका, म्हणजे साधारण १० न्यूटन दाब दिला, तर खरा स्पर्श होतो जेमतेम ०.०१ चौरस मिलिमीटर! तो सगळा एकाच गोल ठिपक्यात धरला, तर त्याची त्रिज्या सुमारे ०.०५६ मिलिमीटर. वीज या अरुंद जागेत शिरताना आणि बाहेर पडताना जो रोध होतो, तो म्हणजे रोधकता भागिले दुप्पट त्रिज्या. उत्तर येतं सुमारे ०.१५ मिलिओहम (ओहम हे रोधाचं माप, मिलिओहम त्याचा हजारावा भाग). दाब दुप्पट केला तर त्रिज्या वर्गमूळ दोन पट होते आणि रोध तीसेक टक्क्यांनी उतरतो. (इथवर आलात तर पुढचं सोपं आहे.)

आता तार घ्या. २.५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तार, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे सुमारे ७० मिलिओहम. तिच्यापुढे चार स्वच्छ जोडांचे (जाणारी-येणारी तार, प्रत्येकीची दोन टोकं) मिळून ०.६ मिलिओहम कुठेच नाहीत. उलट, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यात खोली २० वरून ४० अंशांवर गेली की तारेत पाच-साडेपाच मिलिओहम भर पडते. म्हणजे चारही जोडांपेक्षा नऊपट फरक नागपूरचा उन्हाळा फुकटात करून देतो, आणि तोही कानाला कळत नाही. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे सगळं किरकोळच.

जोड बिघडतो तो ढिलेपणाने आणि काळवंडण्याने. तांब्यावर साचणारा ऑक्साइड अर्धवाहक असतो, म्हणजे वीज धातूसारखी मोकळी वाहू देत नाही. सिलिकॉनचे डायोड येण्याआधी त्याचेच रेक्टिफायर (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) बनत. कूलरच्या दमट झोतात उघडी तार लवकर काळी पडते. म्हणून वर्षातून एकदा तारेचं टोक कापून ताजं तांबं काढा आणि बाइंडिंग पोस्ट (स्पीकर-ॲम्प्लिफायरमागचे तार अडकवायचे स्क्रू) घट्ट पिळा. एवढं करणाऱ्याला प्लगही लागत नाही. फक्त एकही सुटा तंतू शेजारच्या पोस्टला टेकू देऊ नका, ॲम्प्लिफायर जळू शकतो. स्पीकर वारंवार हलवत असाल तर बनाना प्लग (पोस्टमध्ये नुसता खुपसायचा पिनेचा प्लग) सोयीचा. तो घालताना थोडा फिरवला की वरचा थर खरवडला जातो. कायमच्या जोडणीला स्पेड (स्क्रूखाली दाबायचा चपटा, दुबेळका तुकडा) चांगला, कारण स्क्रूचा दाब मिळतो. तारेच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबणं मात्र टाळा. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड ढिला पडतो.

आणि तारेवर छापलेला दिशेचा बाण? स्पीकरमधली वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलते. त्या बाणाला दोन्हीकडे सारखंच पळावं लागेल.

बनाना प्लगचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. त्याची पिन ४ मिलिमीटरची, मोबाइल चार्जरच्या गोल पिनेएवढीच. म्हणून ती घरातल्या एक्स्टेंशन बोर्डात सहज शिरते. युरोपात विकल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या लाल-काळ्या पोस्टमध्ये प्लास्टिकची बुचं येतात ती याच भीतीने. रंगकामासाठी स्पीकर काढून ठेवाल तेव्हा बनाना लावलेली तार बोर्डाजवळ लोंबकळत ठेवू नका. दोन्ही टोकं काढून, गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर टाका.