मुक्तस्रोत साधने आणि वैयक्तिक डिजिटल गोपनीयता : खानदेशाच्या संदर्भात

आपल्याविषयीची माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यायची हे स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार म्हणजे गोपनीयता. ज्यांचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, तपासता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो त्या आज्ञावलींना (सॉफ्टवेअरना) मुक्तस्रोत म्हणतात. मोबाइल व संगणकावर त्यांच्या साहाय्याने गोपनीयता कशी राखता येते आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात तिचा प्रश्न कोणत्या रूपाने समोर येतो, हा या नोंदीचा विषय आहे. ‘मुक्त’ आणि ‘गोपनीय’ हे शब्द वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु संदेश सांकेतिक करण्याची पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालावे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, हे तत्त्व ओग्युस्त केरखॉफ्स यांनी लष्करी संदेशांविषयी १८८३ मध्येच मांडले होते. ज्या कुलपाची रचना झाकून ठेवलेली असते, त्याच्या मजबुतीबद्दल विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते.

या प्रश्नाशी खानदेशाचा संबंध योगायोगाचा असला तरी जवळचा आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी देण्यात आला. पुढे आधार योजनेला आव्हान देणाऱ्या याचिकांमधूनच गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी दाखल केलेल्या खटल्यात, हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचा एकमुखी निर्णय दिला. व्यक्तिगत विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये झाला.

कायद्याचे शब्द आणि रोजचा व्यवहार यांतील अंतर पाहायचे तर तालुक्याच्या बाजारपेठेतील झेरॉक्सच्या दुकानात उभे राहावे. पीकविम्याचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेला माणूस आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारा यांचे फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, दुकानदार ते संगणकावर उतरवून प्रिंट काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फाइल मात्र डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, आणि वर्षभरात त्या फोल्डरमध्ये आसपासच्या कितीतरी घरांची कागदपत्रे साचतात. यात दुकानदाराचा हेतू वाईट असतो असे नाही; फाइल पुसून टाकायची असते, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते. यावर सर्वांत सोपा उपाय आज्ञावलीचा नसून कागदाचाच आहे : आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते. इतर कागदांवरील नको तो मजकूर लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत संचातील मजकूर झाकण्याच्या सोयीने कायमचा काढून टाकता येतो. पीडीएफवर नुसती काळी चौकट आखून भागत नाही, कारण तिच्याखालचा मजकूर बहुधा शाबूत असतो आणि निवडून कॉपी करता येतो. ही चूक जाणत्या लोकांकडूनही होते, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

संदेशवहनात सिग्नल हे सर्वांत परिचित मुक्तस्रोत साधन होय. त्याचीच कूटबद्धीकरणाची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर सांकेतिक करण्याची, पद्धत व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना लागू केली, त्यामुळे मजकुराच्या सुरक्षिततेत दोघांचा पाया एक आहे. मात्र व्हॉट्सॲपचा स्वतःचा कोड खुला नाही, शिवाय कोण कोणाशी केव्हा बोलले ही भोवतालची माहिती मजकुराइतकीच बोलकी असते आणि सिग्नल ती जवळजवळ साठवतच नाही. रावेर-यावल पट्ट्यातला केळी उत्पादक व्यापाऱ्याला घडांचे फोटो पाठवतो, तेव्हा फोनमध्ये स्थाननोंद चालू असेल तर बागेचे अक्षांश-रेखांशही फोटोत लिहिले जातात. चॅटमध्ये साधा फोटो म्हणून पाठवल्यास ते गळून पडतात, पण स्पष्ट दिसावा म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तसेच पोहोचतात.

पासवर्डसाठी संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स ही साधने वापरतात. सगळे पासवर्ड एकाच कूटबद्ध फाइलमध्ये राहतात, ती फाइल आपल्याच फोनवर असते आणि तिला इंटरनेट लागत नाही; धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जेथे रेंज येते आणि जाते, तेथे हा गुण मोठा ठरतो. मुख्य पासवर्ड विसरला तर ती फाइल कोणालाही उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवणे शहाणपणाचे. संगणकाच्या डिस्कसाठी व्हेराक्रिप्ट, जालदर्शनासाठी (ब्राउझिंगसाठी) फायरफॉक्स व जाहिराती आणि माग काढणारे घटक अडवण्यासाठी त्याला जोडायचे यूब्लॉक ओरिजिन, ओळख लपवून वावरण्यासाठी टोर ही नावे प्रसिद्ध आहेत. कीबोर्डचा विचार सहसा कोणी करत नाही, पण पासवर्डपासून अहिराणीतल्या घरगुती गप्पांपर्यंत सारे काही त्याच्यातूनच जाते. हेलीबोर्ड हा मुक्तस्रोत कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे टंकलेले बाहेर पाठवण्याची वाटच त्याला राहत नाही.

अशी ॲप्स मिळण्याचे ठिकाण म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेले एफ-ड्रॉइड हे भांडार. येथे एक खरीखुरी अडचण आहे. एफ-ड्रॉइड वापरायचे तर प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची परवानगी फोनला द्यावी लागते, आणि लग्नपत्रिका किंवा शेतकरी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फसव्या एपीके फाइलीही (अँड्रॉइड ॲप बसवण्याच्या फाइली) नेमक्या याच दारातून आत येतात, मग ओटीपीचे संदेश वाचून खाते रिकामे करतात. गोपनीयतेसाठी उघडलेले दार चोराच्या उपयोगी पडू नये, यासाठी ही परवानगी ब्राउझरला केवळ एफ-ड्रॉइड उतरवण्यापुरती द्यावी आणि लगेच काढून घ्यावी. पुढे ती एकट्या एफ-ड्रॉइडकडे असावी, व्हॉट्सॲपकडे कधीही नसावी. अँड्रॉइड ८ पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी देता येते.

कोड खुला आहे म्हणजे तो कोणीतरी तपासलाच आहे, असे मात्र नाही. इंटरनेटवरील देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या संचातील ‘हार्टब्लीड’ हा दोष सुमारे दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो २०१४ मध्ये उघड झाला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्तस्रोत संचात हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा सापडला, तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. तपासायची मुभा होती म्हणूनच त्यांना मुळापर्यंत जाता आले.

खानदेशातल्या अनेक घरांत एकच फोन बचत गटाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि बाजारभाव या सगळ्यांसाठी असतो. तो दुरुस्तीला टाकताना पॅटर्न सांगून मोकळे होण्याची पद्धतही सर्रास आहे, आणि पडदा उघडून हाती दिलेल्या फोनवर कूटबद्धीकरणाचा काही उपयोग होत नाही. सिग्नल व फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात. मात्र आजीला ‘ओटीपी कोनलेच सांगू नको’ हे अहिराणीत बजावणे आणि दुकानातून निघताना आपली फाइल समोर पुसून घेणे, ही कामे घरच्या माणसालाच करावी लागतात. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.