खुलासा: कमी पळालेली गाडी म्हणजे चांगली गाडी?

जुनी छोटी हॅचबॅक बघताना पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती पळाली?’ आकडा कमी म्हणजे गाडी उत्तम, हा समज अर्धवट आहे.

छोट्या गाड्या बऱ्याचदा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांना वापरल्या जातात. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, बॅटरीही नीट चार्ज होत नाही. गर्दीत क्लच किती घासला, हे तर मीटर सांगतच नाही. हायवेवर पळालेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी आकडा मोठा असला तरी मी आधी बघेन. (डोळे झाकून नव्हे!)

शिवाय रबराला वय असतं. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मीटर २० हजार दाखवतोय आणि चारही टायर गाडीहून बरेच नवे? इतक्या कमी पळण्यात टायर सहसा झिजत नाहीत, मग कारण विचाराच. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) असेल तर त्यालाही वर्षांची मुदत असते.

आणि मीटर मागे फिरवता येतो, डिजिटल असला तरी. पेडलचं रबर, गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटची कड आणि सर्व्हिसच्या नोंदी त्या आकड्याशी जुळतात का, ते ताडून पाहा.